उंदरांची आवक-जावक

उमरीच्या शिवारात सोयाबीनची गंजी लागली, की बांधाच्या कडेला भुसभुशीत मातीचे ताजे ढीग दिसू लागतात. खाली घुशीचे बीळ असते. खणत गेले की आडवेतिडवे बोगदे लागतात आणि मध्येच एखादी कोठी, ज्वारीच्या कुरतडून आणलेल्या कणसांनी भरलेली. घुशीचे इंग्रजी नाव ‘बँडिकूट’ शेजारच्याच भाषेतून गेलेले आहे. रेल्वेने धर्माबाद ओलांडले, की बासरला तेलंगण सुरू होते. तिथल्या तेलुगूत घूस म्हणजे ‘पंदिकोक्कु’, डुकरासारखा उंदीर. हे नाव पुढे ऑस्ट्रेलियात गेले आणि तिथल्या, पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या एका प्राण्याला चिकटले. त्याचे घुशीशी काहीच नाते नाही.

नावाने केला त्याहून मोठा प्रवास या कुळाने केला आहे.

घूस, उंदीर, खार, साळिंदर हे सारे कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी. चिचुंद्री मात्र दिसायला उंदरासारखी असली तरी त्यांच्यातली नाही, आणि ससाही नाही. कृंतकांच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. जगातल्या सस्तन प्राण्यांच्या जातींत त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के. या भरभराटीचे भांडवल म्हणजे पुढचे चार दात. ते जन्मभर वाढत राहतात. त्यांना कठीण लुकण फक्त पुढच्या बाजूला असते. मागची मऊ बाजू आधी झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. ठिबकच्या नळ्यांना भोके पाडते ती हीच धार.

उमरीची काळी माती ज्या लाव्ह्यापासून झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत होता. भारताचा भूखंड तेव्हा समुद्रात एकटाच होता. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात, तेलंगणातल्या नस्कल येथे, त्या काळच्या इवल्याशा सस्तन प्राण्यांचे दात सापडले. १९८८ साली शास्त्रज्ञांनी ते जगापुढे ठेवले. ते चिचुंद्रीसारख्या प्राण्याचे आहेत, उंदराचे नव्हेत.

कृंतकांचे सर्वांत जुने जीवाश्म उत्तर अमेरिका आणि आशियातले, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे. जवळपास त्याच काळातले कृंतकाचे दात गुजरातमधल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत मिळाले आणि त्याचे सगेसोयरे निघाले युरोपात! ही झाली आवक.

साळिंदराच्या भाऊबंदांनी तर अटलांटिक ओलांडला. साडेतीन ते चार कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतून, बहुधा पुरात वाहून गेलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर बसून, ते दक्षिण अमेरिकेत पोचले. महासागर तेव्हा आजच्याहून अरुंद होता. गिनीपिग आणि पन्नास किलोंचा कॅपिबारा ही त्यांचीच वंशावळ.

जावक मात्र आपल्याच उपखंडातून झाली. घरातला उंदीर, शेतातला उंदीर आणि घूस ज्या कुळातले, त्याचे सर्वांत जुने जीवाश्म पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरचे, सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीचे. पुढे हे कूळ युरोप-आफ्रिकेत पसरले आणि पन्नासेक लाख वर्षांपूर्वी बेटाबेटांवरून ऑस्ट्रेलियालाही लागले. अगदी अलीकडे माणसाने त्याला फुकटची नाव दिली: भारतातला काळा उंदीर रोमन साम्राज्याच्या काळात व्यापाराबरोबर युरोपात गेला.

सगळेच काही हिंडले नाहीत. पुण्याजवळच्या सिंहगडावरच्या एका उंदराची १९७५ मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि गडाच्या जुन्या नावावरून तिला ‘कोंढाणा’ हे नाव मिळाले. सिंहगड आणि आसपासच्या डोंगरांपलीकडे हा उंदीर जगात कुठे आढळत नाही.

त्याचा सख्खा भाऊबंद शोभावा असा मऊ केसांचा रानउंदीर मात्र दख्खनभर आहे. काळ्या रानाच्या भेगा हेच त्याचे घर. भरपूर पाऊस झाला, की भेगांत पाणी शिरून पुष्कळ उंदीर मरतात; पाऊस दगा देतो तेव्हा ते वाचतात आणि झपाट्याने वाढतात. १८७६ ते ७८ च्या दुष्काळातून तगलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात पीक उभे केले, तेव्हा ते फस्त करायला हेच उंदीर झुंडीने बाहेर पडले होते.