गर्दीतून मोटारसायकल नेताना

शनिवार-रविवार आला की आमच्या अलिबागेत रस्ता कुठला नि पुळण कुठली, कळेनासं होतं. मांडव्याला बोटीतून उतरलेली मंडळी समुद्राकडे निघतात. नजर कुलाबा किल्ल्यावर, नाहीतर हातातल्या मोबाइलवर. याच गर्दीतून आपल्या घरातलं कुणीतरी रोज मोटारसायकल नेत असतं. चूक चालणाऱ्याची असली तरी पडतात दोघंही!

ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. वेग २० वर आणला, तर तेच अंतर साडेपाच मीटर. म्हणून वेग गर्दीत शिरण्याआधीच कमी करायचा. हॉर्नवर भिस्त नको. दचकलेला माणूस पुढे जाईल की मागे, नेम नसतो. आणि हात सुटलेलं मूल तर आईकडेच धावतं. उभ्या एसटीच्या पुढून कुणीतरी येणारच, असं धरून चालावं. दोन्ही ब्रेक मिळून, बेताने दाबावेत. ओल्या रस्त्यावर किंवा वाळूवर नुसता पुढचा करकचून दाबला की चाक निसटलंच.

आणि मैत्रिणींनो, मागे बसणाऱ्या आपण काही सामान नव्हे. पदर, ओढणी नीट खोचलेली हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागच्या सीटवरही हेल्मेट सक्तीचं आहे. अंबाडा विस्कटतो ही सबब पुरे. ऐन वेळी "अहो, अहो" करत खांदा मात्र ओढू नये.

पायी निघालो, तर फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरची गाडी दिसते. मुलाला आपल्या उजव्या हाताला धरावं.