मध्यस्थाविना धर्म

जॉर्ज फॉक्सने 17व्या शतकात इंग्लंडमध्ये उभ्या केलेल्या क्वेकर पंथाच्या पारंपरिक उपासनेत पाद्री नसतो. मंडळी शांत बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो, मग ती स्त्री का असेना. लग्नातही वधूवरच सर्वांसमक्ष एकमेकांना वचन देतात.

कोल्हापूरला हे परकं वाटू नये. राजर्षी शाहूंनाच पुरोहिताने वेदोक्त मंत्र नाकारले आणि 1899च्या सुमारास वाद पेटला. 1911मध्ये इथे सत्यशोधक समाज सुरू झाला, 1913मध्ये ब्राह्मणेतर पुरोहित घडवणारी शाळा निघाली, तर 1920मध्ये महाराजांनी सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू नेमलं. क्वेकरांनी पुरोहितपदच दूर सारलं. शाहूंनी ते बहुजनांच्या हाती दिलं. संस्थानाच्या परिस्थितीत हे पाऊल अधिक धाडसाचं होतं.

दोन्हींना जोडणारा एक धागा म्हणजे थॉमस पेन. त्याचे वडील क्वेकर होते आणि त्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ सत्यशोधक समाजाचे संस्थापक जोतीराव फुल्यांनी वाचलं होतं. जोतीरावांनी 1873चं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. तिथे गुलामीविरुद्ध सुरुवातीला आवाज उठवणाऱ्यांत क्वेकर होते. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनचं त्यांचं निषेधपत्र 1688चं आहे.