केळशीचा उन्हाळा

वैशाखाचे ऊन तापू लागले, की सपाटीवरील शहरांतील लोकांना महाबळेश्वर आणि माथेरान यांची आठवण होते. उंच जागी हवा विरळ असते व ती थंडही असते. साधारणपणे हजार मीटर उंची चढल्यावर तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून डोंगरमाथ्यावर भर उन्हाळ्यातही हिंडण्याफिरण्यात आनंद वाटतो. परंतु उन्हाळ्यात मोकळ्या हवेचे सुख केवळ डोंगरावरच मिळते असे नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे गाव अगदी समुद्रकाठी वसलेले आहे. तरीही तेथील उन्हाळ्याचे दिवस मुलांना हवेहवेसे वाटतात.

भारजा नदी ज्या खाडीतून समुद्रास मिळते, त्या खाडीच्या मुखाशी केळशी आहे. नारळीपोफळीच्या दाट वाड्या, त्यांतून गेलेल्या अरुंद पाखाड्या, घुमटांचे महालक्ष्मीचे देऊळ आणि त्यापलीकडे विस्तीर्ण पुळण, असे या गावाचे रूप आहे. चैत्रात देवीची यात्रा भरते, तेव्हा मुंबईस गेलेले चाकरमानी मुलांमाणसांसह गावी परततात.

येथील दिवसाचा क्रम वारा ठरवतो. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी मात्र सावकाश तापते. जमिनीवरील तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील गार हवा धावत येते. हेच खारे वारे होत. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा वारे उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. त्यांस मतलई वारे म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या काळी कोळी लोक पहाटे मतलई वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. सकाळी पुळणीवर फिरावे, भर दुपारी वाडीच्या सावलीत बसून आंब्याफणसाचा समाचार घ्यावा आणि उन्हे कलल्यावर पुन्हा बाहेर पडावे, ही गावची रीत त्या वाऱ्यांना धरूनच आहे.

पुळणीवर जाताना भरतीओहोटीची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी लागते. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून कालची वेळ आज उपयोगी पडत नाही. खाडीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते. तेथे जाणत्या माणसावाचून पाण्यात उतरणे धोक्याचे असते. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी रचलेल्या गोळ्यांची सुंदर नक्षी दिसते.

या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री वर येतात. वाळूत खड्डा करून त्या शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडावर, पिल्ले बाहेर पडतात आणि उजळ दिसणाऱ्या समुद्राच्या दिशेने सरपटू लागतात. किनाऱ्यावर तीव्र दिवे असतील, तर ती वाट चुकतात. पूर्वी ही अंडी लोक उकरून नेत असत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने जवळच्या वेळास गावी ग्रामस्थांच्या साहाय्याने अंड्यांचे रक्षण सुरू केले आणि हळूहळू इतर गावांनीही ते काम हाती घेतले. पिल्लांना समुद्राकडे जाताना पाहणाऱ्याने त्यांना हात लावू नये. दोरीच्या अलीकडे शांत उभे राहावे.

केळशीचे खरे आश्चर्य म्हणजे खाडीच्या मुखाशी असलेली वाळूची टेकडी. तिची उंची सुमारे १८ मीटर आहे. वारा वाळू उडवून टेकड्या रचतो, हे खरे. पण वाऱ्याला फक्त बारीक कण उचलता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधक अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला, तेव्हा वाळूच्या थरांत शिंपले, कोळसा, खापरे आणि बहामनी काळातील नाणी आढळली. अशा जड वस्तू वाऱ्याने उडून आलेल्या नसतात. म्हणून समुद्राची प्रचंड लाट कधीतरी या किनाऱ्यावर चढून आली असावी, असे अनुमान निघाले. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामाचे आरमार दाभोळजवळ असताना, वारा नसतानाही समुद्र एकाएकी खवळला, अशी नोंद पोर्तुगीजांनी करून ठेवली आहे. काही अभ्यासक केळशीच्या थरांचा संबंध त्या घटनेशी जोडतात. काही त्याहून थोडा आधीचा काळ सांगतात.

जेथे एकदा लाट आली, तेथे पुन्हा येऊ शकते. ती किती उंच आली होती आणि किती आत शिरली होती, हे सांगणारा लेखी पुरावा फारच थोडा आहे. ही टेकडीच त्याची साक्ष देते. पण ती साक्ष दगडात कोरलेली नाही, वाळूत लिहिलेली आहे. कोणी वाळू उपसली, तर थर ढासळतात आणि ते पुन्हा कोणालाही रचता येत नाहीत. सागरी महामार्गावरील पुलाच्या कामामुळे टेकडीला धोका निर्माण झाला, तेव्हा अभ्यासकांनी तिच्या रक्षणाची मागणी केली, ती याच कारणाने.

उन्हाळ्याच्या सुटीत केळशीस येणाऱ्या मुलांनी पुळणीवर मनमुराद धावावे, किल्ले बांधावे, शिंपले वेचावे. टेकडीच्या उतारावरून मात्र घसरत येऊ नये आणि तिचे कडे उकरू नयेत. पुळणीवर बांधलेला वाळूचा किल्ला भरती मोडते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बांधता येतो. शेकडो वर्षांपूर्वी समुद्राने रचलेली टेकडी एकदा मोडली, तर ती कायमची जाते.