जीन पॅन्ट, पावती आणि आपला मान

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबवहीबद्दल बोललो होतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण पैशाचाच आहे. कपड्याच्या दुकानात आपल्याला वागणूक कशी मिळते, कशी मिळायला हवी, आणि माल खराब निघाला तर काय करायचं, हे आज बघू.

सुरुवात आमच्या गटातल्या एका मावशींच्या गोष्टीने करते. मावशी मुरबाडकडच्या. त्यांच्या मुलीला भिवंडीच्या एका गोदामात पॅकिंगचं काम लागलं. तिथे पँट घालूनच यायचं, असा नियम. मावशींनी गटातून पंधराशे रुपये कर्ज घेतलं आणि लेकीला घेऊन कल्याणला गेल्या. स्टेशनजवळच्या एका जीन्सच्या दुकानात शिरल्या. दुकानाचं नाव मी सांगणार नाही, ते महत्त्वाचंही नाही.

मावशींचं नऊवारी पाहून सेल्समन आधीच म्हणाला, “काकू, इथे फिक्स रेट आहे. बघण्यापुरतं असेल तर बाहेर हातगाडीवर बघा.” मुलीने दोन पँटी घालून बघते म्हटलं, तर एकच घालून बघा म्हणाला. अकराशे पन्नास रुपये दिले. हातात एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. फक्त आकडा, आणि खाली शिक्का : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

तिसऱ्या दिवशी गोदामात खोका उचलायला पोरगी वाकली आणि पँट मागून उसवली. मावशी मला म्हणाल्या, “ताई, पँट गेली त्याचं एवढं नाही. पण पोरगी ओढणी कमरेला बांधून दिवसभर जागची उठली नाही. जेवायलासुद्धा नाही.”

त्या दुकानात परत गेल्या तर उत्तर मिळालं, “वापरलीत ना? मग आता काही होणार नाही. शिक्का वाचा.” पँट गेली, पण गटाचा हप्ता काही चुकत नव्हता.

हा विषय आमच्या बैठकीत निघाला. खरं सांगते, मी बी.ए. झाले आहे, पण मलाही वाटत होतं की असा शिक्का असला म्हणजे विषय संपला. तसं नाही, हे त्या निमित्ताने कळलं.

आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घेतला पाहिजे. कायद्यापुढे तो शिक्का टिकत नाही.

पण इथे एक फरक नीट लक्षात घ्या. माल सदोष असेल तरच हा हक्क आहे. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, नणंद म्हणाली दुसरी घ्यायची होती, माप चुकलं, तर बदलून देणं हे दुकानदाराच्या नियमावर आहे. म्हणून पैसे देण्याआधीच विचारायचं, “माप नाही झालं तर बदलून द्याल का? किती दिवसांत?” आणि ते बिलावर लिहून घ्यायचं.

मग प्रश्न आला, दोष आहे हे सिद्ध कसं करायचं? आमच्या गटात उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्स घरी आणून धागेकटिंग करणारी एक बाई आहे. तिने पँट उलटी केली आणि बोटाने शिवण दाखवली. जीन्सच्या मागच्या शिवणीला कापड एकात एक दुमडून दुहेरी टीप मारतात, म्हणून ती ताण सोसते. या पँटीला एकच टीप होती, तीही लांब लांब टाक्यांची. ती म्हणाली, “कापड धड आहे. शिलाईच खोटी आहे.” इथे फक्त दोरा सुटला होता.

मैत्रिणींनो, दुकानदाराला जे ऐकवायचं होतं ते आमच्याच गटातल्या बाईला माहीत होतं. आपण स्वतःला अडाणी समजतो, तिथेच चुकतो.

मग मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता येतं, फोनला पैसे लागत नाहीत. पलीकडून विचारलं, दुकानाचं नाव काय, बिल नंबर काय, तारीख काय. आमच्याकडे ती बिननावाची चिठ्ठी! नशीब एवढंच की पैसे मुलीने फोनवरून भरले होते. त्यात दुकानाचं नाव, तारीख, वेळ, रक्कम सगळं होतं. तोच पुरावा झाला.

तक्रार नोंदवण्याआधी एकदा मालकाशी बोलायचं ठरवलं. आम्ही तिघी गेलो. मालक नव्हता. काउंटरवर एक मुलगी होती, टिटवाळ्याहून येणारी. ती हळूच म्हणाली, “शेठ चारनंतर येतात. त्यांच्याशीच बोला. आम्ही माल परत घेतला तर आमच्या पगारातून कापतात.” सकाळी दहापासून ती उभी होती. बसायला स्टूल नाही. तेव्हा माझा राग निम्मा झाला. आपल्याशी तुसडेपणाने बोलणारं माणूस पुष्कळदा आपल्याच गावाकडचं, आपल्यासारखंच दबलेलं असतं. म्हणून भांडण काउंटरवरच्या पोरीशी करायचं नाही, मालकाशी बोलायचं. केरळ आणि तामिळनाडू या राज्यांनी तर दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावी असा कायदाच केला आहे.

चारनंतर मालक आला. आम्ही आवाज चढवला नाही. पँट उलटी करून शिवण दाखवली, फोनवरची नोंद दाखवली, तीस दिवसांचा नियम सांगितला आणि लेखी अर्ज पुढे ठेवला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही मागितली. सही मागितल्यावर त्याचा सूर बदलला. पैसे परत दिले नाहीत, पण दुसरी पँट दिली, घालून बघू दिली, आणि या वेळी नाव-तारखेचं बिल दिलं. मावशी निघताना म्हणाल्या, “शेठ, आधीच नीट बोलला असता तर आमचे दोन दिवस वाचले असते.”

मालक ऐकला नसता तर? पहिली पायरी, १९१५ वर तक्रार. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती मध्यस्थी करते. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आपल्या जिल्ह्याचा आयोग ठाण्यात आहे. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. पण बिल, अर्जाची पोच आणि सदोष वस्तू जपून ठेवायची.

आता जीन्स घेताना काय बघायचं ते ऐका. पँट उलटी करा. मागची आणि मांडीची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा, फट दिसता कामा नये. चेन तीन-चार वेळा वरखाली करा. घालून खाली बसून बघा, नुसतं उभं राहून नाही. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा कर मागितला तर देऊ नका. आणि नवी निळी जीन्स पहिल्या एक-दोन धुण्यांत रंग सोडते, तो दोष नव्हे. निळीचा रंग सुताच्या वरवरच बसतो, आत मुरत नाही, म्हणून तो सुटतो. उलटी करून, गार पाण्यात, वेगळी धुवा. रंग जागोजागी पट्टे पडून गेला, तर मात्र दुकानदाराला दाखवा.

जाता जाता एक गंमत. या जाड कपड्याला इंग्रजीत एक जुना शब्द आहे, ‘डंगरी’. तो आला आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून! आणि तांब्याच्या रिव्हेट मारलेली पँट कशी जन्मली? अमेरिकेत रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराच्या बायकोने त्याला सांगितलं, नवऱ्याची पँट सारखी फाटते, टिकेल अशी शिवून दे. त्याने ताण पडतो त्या जागी रिव्हेट मारल्या. पुढे लेव्ही स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याबरोबर त्याने २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे आजची जीन्स जगाला मिळाली ती एका बाईचं गाऱ्हाणं शिंप्याने नीट ऐकून घेतलं म्हणून.

हे आपल्यालाही लागू आहे, कारण आपणही विकतो. पापड, मसाला, गोधड्या, शिवलेल्या पिशव्या. आमच्या गटाने आता छोटं पावतीपुस्तक छापून घेतलं आहे. त्यावर गटाचं नाव, फोन नंबर, तारीख, आणि खाली एक ओळ : ‘माल खराब निघाला तर बदलून देऊ.’ पहिल्याच महिन्यात दोन पिशव्या परत आल्या. दोन्हींचे बंद उसवले होते. आम्ही बदलून दिल्या आणि बंदाला दुहेरी टीप मारायला लागलो. त्यातली एक बाई पुढच्या बाजाराला येऊन पाच पिशव्या घेऊन गेली.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीने महिन्याभरातल्या खरेदीचं एक बिल घेऊन या. किती जणींकडे खरं बिल आहे आणि किती जणींकडे नुसती चिठ्ठी आहे, ते मोजा. तो आकडा आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.

मावशींची लेक आजही त्याच गोदामात आहे. दुसरी पँट अजून टिकून आहे. आणि बिल? ते मावशींनी गटाच्या पासबुकात घडी करून ठेवलं आहे.