लोभी ठेवीदार आणि इतर समजुती

बँक बुडाली की कट्ट्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "जास्त व्याजाच्या हव्यासापायी गेले पैसे." पांढरपेशा गुन्ह्यांबद्दलचा हा सगळ्यात चिवट समज. दामदुप्पट योजनांच्या बाबतीत त्यात थोडंफार तथ्य असेलही. पण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेला, म्हणजे पीएमसीला, तो लागूच होत नाही. 1984 मध्ये मुंबईत शीव इथं सुरू झालेली ही परवानाधारक बँक. तिच्यात निवृत्तांची पुंजी होती, छोट्या दुकानदारांची चालू खाती होती, गृहनिर्माण सोसायट्यांचा निधी होता. ही मंडळी सट्टा खेळत नव्हती. उलट सावधपणे, शेअर बाजाराच्या वाटेला न जाता, घराजवळच्या शाखेत पैसे ठेवत होती. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि 9 लाखांहून अधिक ठेवीदारांना कळलं, की सहा महिन्यांत खात्यातून जास्तीत जास्त 1,000 रुपये निघतील. मर्यादा पुढं टप्प्याटप्प्यानं वाढली, पण तोवर कुणाचं ऑपरेशन थांबलं होतं, तर कुणाच्या मुलाची फी. "रक्त सांडत नाही, म्हणजे कुणाचं नुकसान नाही" असं म्हणणाऱ्यांनी त्या काळातल्या शाखांबाहेरच्या रांगा आठवाव्यात.

"यामागं कुणाचं तरी अचाट डोकं असणार" हा दुसरा समज, आणि तो आपल्याला मनापासून आवडतो. 2020 मध्ये हर्षद मेहतावरची मालिका आली तेव्हा तिचे संवाद कितीतरी तरुणांच्या स्टेटसवर होते. पीएमसीत मात्र नायक शोधूनही सापडत नाही. सगळा मामला कारकुनी. फिर्यादीनुसार, एचडीआयएल या बांधकाम समूहाशी संबंधित 44 कर्जखाती झाकायला 21,049 बनावट खाती दाखवली गेली. मोठं थकीत कर्ज हजारो किरकोळ कर्जांत वाटून मांडलं, की तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याची नजर त्यावरून सहज सरकते. बँकेच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक, सुमारे 6,500 कोटी रुपये, एका समूहाकडं अडकले होते. आणि मार्च 2019 अखेरच्या हिशेबात ढोबळ अनुत्पादित कर्जं चार टक्क्यांच्याही आत दिसत होती! आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण एवढी खाती एका रात्रीत, एका माणसाच्या हातून उभी राहत नाहीत, हे समजायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. अशा जागी बुद्धीपेक्षा खुर्ची आणि वर्षानुवर्षं न विचारलेले प्रश्न कामी येतात.

कायदा अशांना सौम्य वागवतो, असंही म्हटलं जातं. पुस्तकात तरी तसं नाही. ही घटना घडली तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती. बँकरनं केलेल्या विश्वासघाताला, कलम 409 खाली, जन्मठेपेपर्यंत. सौम्यपणा येतो तो खटल्यांच्या रेंगाळण्यातून. आणि आपल्यातूनही: खिसेकापूला आपण चोप देतो, घोटाळेबाजाला "साहेब" म्हणतो.

राहिला "आरोपी आत गेले, आता पैसे मिळतील" हा समज. अटक आणि ठेवपरतावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. ठेवीवरचं विमा संरक्षण तेव्हा 1 लाख होतं, 1993 पासून तेवढंच. फेब्रुवारी 2020 मध्ये ते 5 लाख झालं. जानेवारी 2022 मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. 5 लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून सुटल्या, त्यावरच्या रकमेला हप्ते लागले. योजनेनुसार मोठ्या ठेवीदाराची शेवटची उरलेली रक्कम दहा वर्षांनी, 2032 मध्ये मिळायची आहे.