मनाचे दुखणे आणि सरहद्दीवरची भाषा



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. पण माझा विषय तुमचाच आहे. तो म्हणजे शब्द. ताप थर्मामीटरने मोजता येतो, साखर रक्तातून कळते. मनाच्या आजाराला असे यंत्र नाही. रोग्याने सांगायचे आणि डॉक्टरने ऐकायचे, हीच तपासणी. सांगणाऱ्याची भाषा एक आणि ऐकणाऱ्याची दुसरी असली, तर तपासणीच होत नाही.

आपल्या भीमपूर भागाची गोष्ट घ्या. पलीकडे पैनगंगा, पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट, राजुरा तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. घरात मराठी, बाजारात मराठी आणि तेलुगू, शेजारच्या गुड्यात गोंडी किंवा कोलामी. शाळा आणि कचेरी मात्र तेलुगू. तक्रार म्हणून हे सांगत नाही. चार भाषांत जगणे हे आपले वैभवच आहे. पण माणूस दुःख सांगतो तेव्हा एकाच भाषेत सांगतो.

आपल्याकडची बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, ‘गमत नाही.’ ‘छातीत धडधड होते’, ‘डोकं जड राहते’, ‘पोटात आग होते’, ‘धसका बसला’. यातल्या पोटावर आम्ही आम्लपित्ताची गोळी देतो, डोक्यावर दुसरी देतो. ‘गमत नाही’ला गोळी नसते, म्हणून तो शब्द चिठ्ठीवर येतच नाही. तेलुगूतही ‘दिगुलु’ आहे, ‘बेंग’ आहे, आणि ‘बेंग’ हा मोठा सुंदर शब्द आहे. कुणाच्या ओढीने, काळजीने झुरणे त्यात येते. आमच्या तेलुगू डॉक्टरबंधूंना तो शब्द कळतो, ‘गमत नाही’ कळत नाही. दोष कुणाचाच नाही.

मग दुभाषी कोण? बहुतेक वेळा मुलगा, नाहीतर सून. इथेच सगळे बिघडते. ‘रात्री झोप लागते का?’ हे मुलगा विचारील. ‘जगणे नको वाटते का?’ हा प्रश्न तो आईला विचारणार नाही, आणि विचारलाच तर आई त्याच्या तोंडावर ‘हो’ म्हणणार नाही. सुनेसमोर सासू बोलत नाही, आणि सासूने दुभाषीपण केले तर सून बोलत नाही. जो प्रश्न जीव वाचवतो, तोच गाळला जातो. अमेरिकेत मेक्सिकोकडून आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांतही हेच घडते. लेकरे आईबापांचे दुखणे इंग्रजीत सांगतात. त्यांच्याकडे ‘नेर्विओस’ आणि ‘सुस्तो’ असे शब्द आहेत. ‘सुस्तो’ म्हणजे जवळजवळ आपला धसका. १९९४ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या रोगनिदान-ग्रंथाच्या परिशिष्टात असे लोकशब्द नोंदवले. तिथे कितीतरी ठिकाणी त्याच वस्तीतल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले जाते. त्यांना ‘प्रोमोतोरा’ म्हणतात.

आपल्याकडेही हे झाले आहे, आणि मराठी-कोकणी मुलखातच झाले आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने २४ दवाखान्यांत प्रयोग केला. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवले. २०१० साली निष्कर्ष आले. सरकारी दवाखान्यांत रोगी अधिक संख्येने सुधारले, खासगी दवाखान्यांत मात्र विशेष फरक दिसला नाही. त्याहून आपल्याला जवळचा प्रयोग अमरावती जिल्ह्यातला. कापसाचा मुलूख, कर्ज तेच, पाऊस तोच. तिथल्या ३० गावांत गावकऱ्यांनाच तयार करून घरोघरी पाठवले. औदासीन्याच्या रोग्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के कुणाकडे तरी उपचाराला जात होते. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. अजूनही तीन-चतुर्थांश घरीच राहिले, हेही खरे. पण सहापट वाढ मोठ्या इमारतीने झाली नाही, ओळखीच्या बोलीने झाली असे माझे मत आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात औदासीन्याच्या दर शंभरांतले सुमारे ८५ रोगी उपचाराविना आढळले. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत ना महाराष्ट्र होता, ना तेलंगण.

माझ्या शास्त्राविषयी एक शब्द. हानेमानने ‘ऑर्गेनन’मध्ये मनाच्या रोगांवर स्वतंत्र सूत्रे लिहिली, आणि रोग्याचे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे हा धडा आम्हाला पहिल्या वर्षापासून मिळतो. ऐकण्याची ती शिस्त मी मानतो. पण ज्याला आवाज ऐकू येतात, जो चार-चार रात्री झोपत नाही, जो मरणाची भाषा बोलतो, त्याला मी साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर ठेवत नाही. आदिलाबादला रिम्समध्ये पाठवतो. तिकडची गोळी माझ्या सांगण्यावरून कुणी बंद करू नये. आमच्या जैन शास्त्रात आर्तध्यान सांगितले आहे, दुःखाचेच सतत चिंतन. महाराजसाहेबांचे प्रवचन त्यावर आधार देते. पण औदासीन्य हा आजार आहे, साधनेतली कसूर नव्हे. हेच मांत्रिकाकडे नेणाऱ्यांनाही सांगतो: देवाला जा, दवाखान्यालाही जा.

औषध सुरू झाले तरी भाषा सुटत नाही. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोंड कोरडे पडणे, मळमळ हे आधी येते. हे रोग्याच्या भाषेत सांगितले नाही, तर आठव्या दिवशी गोळी बंद. ‘झोपेची गोळी आहे, सवय लागेल’ असे शेजारीण मराठीत सांगते, आणि तिचे पटते! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा हक्क केला आहे. निर्णयासाठीची माहिती रोग्याला कळेल अशा सोप्या भाषेत द्यावी, असेही त्यात आहे. कागदावरचा हा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही.

सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत. ती वीस भाषांत चालते, मराठी त्यात आहे, ती मागून घ्यावी. आणि घरात कुणी असे बोलत असेल, तर फवारणीचे औषध कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. त्याला थेट विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे.

आता या संस्थेकडे माझे मागणे. आपण शब्दकोश करता, लोकगीते जमवता. मनाच्या दुखण्याचे शब्दही जमवा: आपली बोली, तेलुगू, गोंडी, कोलामी, शेजारी शेजारी चार रकान्यांत. पंचवीस-तीस पाने पुरतील. ती आशाताईंच्या पिशवीत राहतील, रिम्सच्या नव्या डॉक्टरच्या टेबलावर राहतील. ‘गमत नाही’ किती दिवस टिकले म्हणजे तो आजार, हे आम्ही डॉक्टर त्यात लिहू. दोन आठवडे, हे उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. मराठीचा रकाना माझ्या वहीत बराचसा भरला आहे. बाकीचे तीन रिकामे आहेत, आणि ते भरू शकणारे शिक्षक याच सभागृहात बसले आहेत.