संप्रेरकमापन आणि परिचारिकेची नोंद

‘हॉर्मोन’ ही संज्ञा अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केली. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतविणे, प्रवृत्त करणे. मराठीतील ‘संप्रेरक’ त्याच्याशी अगदी जुळतो. संज्ञा सुबोध असली तरी वस्तू मापावयास मात्र मोठी कठीण. टी-थ्री हे अवटू म्हणजे थायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक. एका मिलिलिटर रक्तद्रवात ते ग्रॅमच्या अब्जांशाच्या आसपास असते.

ही अडचण न्यूयॉर्कच्या बर्सन व यॅलो यांनी १९६० च्या सुमारास इन्सुलिनच्या बाबतीत दूर केली. (यॅलो यांना त्याबद्दल १९७७ साली नोबेल पारितोषिक लाभले, बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते.) प्रतिपिंडे मोजकी ठेवावयाची, आणि त्यांवर बसण्यासाठी रुग्णाचे संप्रेरक व किरणोत्सारी आयोडीनने अंकित केलेले संप्रेरक यांत स्पर्धा लावावयाची. रुग्णाचे जितके अधिक, तितके अंकित कमी बसते. म्हणजे बसलेल्या अंशाचा किरणोत्सार घटला की संप्रेरक वाढले, असा हा उलटा हिशेब होय.

अशा मापनाचे संच ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाले आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळामार्फत देशातील प्रयोगशाळांना मिळू लागले. आयोडीन-१२५ चे अर्धायुष्य सुमारे ६० दिवसांचे असल्याने संच दूरच्या गावी पोहोचेपर्यंत निरुपयोगी होत नाही. ८ दिवसांच्या आयोडीन-१३१ ने हे साधले नसते. आता पुष्कळ प्रयोगशाळांत किरणोत्साराची जागा रासायनिक प्रकाशाने घेतली आहे.

परंतु यंत्र कितीही सूक्ष्म असो, नमुना कोणत्या घटकेचा हे ते सांगू शकत नाही. कॉर्टिसॉल पहाटे चढते व मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकास जाते. म्हणून रात्रपाळीच्या परिचारिकांवरील ताणाचा अभ्यास करताना केवळ ‘सकाळी ८’ अशी नोंद अपुरी होय. दिवसपाळीची परिचारिका तेव्हा नुकतीच उठलेली, तर रात्रपाळीची अद्याप झोपलेलीच नाही. दोघींचे आकडे शेजारी मांडून ताणाविषयी काही अनुमान काढणे म्हणजे शुद्ध भ्रम! घड्याळाबरोबरच जागे झाल्याची वेळ, पाळी, घेतलेली औषधे यांची नोंद हवी. अशा संशोधनात लाळेचा नमुना विशेष सोयीचा ठरतो, कारण तो सुईवाचून व घरीही घेता येतो. इन्सुलिनसाठी मात्र रक्तच हवे, आणि ते घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील विकर इन्सुलिनचा नाश करते व आकडा खोटाच कमी येतो. प्रयोगशाळेकडे कुपी पोहोचण्यापूर्वीच हे घडून गेलेले असते.